आधी कालनिर्णय उघडा, मग हॉटेल बुक करा: ठाण्याहून पाच दिवसांत जलदुर्ग, खाड्या आणि घाटमाथा

डिसेंबर आला की कोणीतरी विचारतंच, चार मित्र आहेत, एक गाडी आहे, पाच दिवस सुट्टी आहे, गोवा सोडून कुठे जायचं सांग. दरवेळी तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, कारण हा रूट मी तीन वेळा केलाय आणि पहिल्या वेळी ज्या चुका झाल्या त्या तुमच्या होऊ नयेत असं मनापासून वाटतं.

रूट असा. ठाणे, अलिबाग, मुरुड, तिथून आगरदांडा-दिघी जेट्टी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, तिथून बागमांडला-वेश्वी जेट्टी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, खेड, पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आणि वाईवरून परत घरी. एकूण सहाशे ते साडेसहाशे किलोमीटर होतात. तीन जलदुर्ग, दोन वेळा गाडीसकट खाडी ओलांडायची आणि शेवटी समुद्रसपाटीपासून थेट घाटमाथ्यावर, सगळं एकाच ट्रिपमध्ये.

आता मुद्द्याची गोष्ट. ही ट्रिप गुगल मॅप बघून प्लॅन केली की फसते, कारण मॅपला भरती-ओहोटी कळत नाही. अलिबागचा किल्ला चालत बघायचा तर ओहोटी लागते, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायची तर ओहोटीच लागते, म्हणून आधी तिथी ठरवायची, त्यावरून निघायचा दिवस आणि रूम सगळ्यात शेवटी. आम्ही पहिल्यांदा रूम आधी बुक केल्या आणि अलिबागला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजलेले, किल्ल्याभोवती कमरेच्या वर पाणी, चौघं किनाऱ्यावर उभे राहून बघत बसलो.

भरतीचा हिशेब एकदम सोपा आहे, कोळीवाड्यात कोणालाही विचारा, तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास मागेपुढे पूर्ण ओहोटी. म्हणजे तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, अर्धा तास इकडेतिकडे होतो तो धरून चालायचा. पण नुसती वेळ बघून भागत नाही, पाणी किती मागे जातं तेही बघायचं. पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतरचे दोनतीन दिवस उधाण असतं, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, पाणी लांबवर मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, म्हणून अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला असली तरी वाट नीट मोकळी होईलच असं नाही.

ह्यावरून मी काढलेला नियम सांगतो, तृतीयेला पहाटे निघा. का ते खाली दिवसांच्या ओघात कळेलच.

सीझन म्हणाल तर ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि आंबेनळी घाटात दरडी येतात, मे महिन्यात उकाडा आणि गर्दी दोन्ही, त्यामुळे दोन्ही नकोच. तृतीया जर आठवड्याच्या मधे येत असेल तर उत्तम, शनिवार-रविवारी जेट्टीवर गाड्यांची रांग लागते.

गाडीत माणसं चारच, पाच नको. पाच बसतात हो, पण पाच जणांच्या बॅगा, पाण्याचा कॅन आणि मधल्या माणसाचे गुडघे हे घाटात पाच तास कोणालाच सुखाचं नसतं. त्यातले किमान दोघं घाटात चालवणारे हवेत. ज्याला गाडी लागते त्याला पहिल्या दिवसापासून पुढे बसवा, लाजेखातर तो बोलत नाही आणि मग सगळ्यांचाच दिवस जातो, आवळासुपारी आणि दोन लिंबं डॅशबोर्डमध्ये ठेवा. पैशाचं म्हणाल तर निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांकडून सारखी रक्कम एकाकडे जमा करायची, तोच सगळीकडे देणार, संपली की परत सगळ्यांनी भर घालायची. रोज रात्री कोणी किती दिले हे काढत बसलं की मैत्रीत खडे पडतात, हे मी बघितलंय. त्यातले निम्मे तरी रोख ठेवा, खाडीच्या काठाला रेंज जाते आणि मग स्कॅन करता येत नाही.

आता दिवस एक, तृतीया. पहाटे साडेचारला तीन हात नाक्यावरून सुटायचंच, पाच वाजले की पुढे गणित बिघडतं. कळवा नाका, ऐरोली, ठाणे-बेलापूर रोड, कळंबोली, पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, शंभरेक किलोमीटर आहे. नवी मुंबईतले मित्र असतील तर त्यांना बेलापूरला रस्त्यावर उभं राहायला सांगा, घरी चहाला वर गेलात की अर्धा तास गेलाच. साडेसातला अलिबागच्या किनाऱ्यावर पोचायचं, बूट गाडीत, चप्पल हातात आणि चालायला लागायचं. वाळू ओली घट्ट असते, मधेमधे घोट्यापर्यंत पाणी आणि शेवटी किल्ल्याजवळ खडक, तिथे शेवाळ असतं, जपून. कुलाबा किल्ला म्हणजे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं, आत 1759 मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर. नऊ-सव्वानऊला परत फिरायचं म्हणजे फिरायचं. पाणी मागून कधी भरत येतं ते कळत नाही, पुढची वाळू कोरडी दिसते आणि मधला खोलगट भाग आधीच भरलेला असतो. घोडागाडीवाले थांबलेले असतात, ते निघाले की तुम्हीही निघा, त्यांच्याएवढं ते पाणी कोणाला कळत नाही.

तिथून रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, मुरुड. पन्नासेक किलोमीटर आहे पण घाई करू नका, समुद्र उजव्या हाताला सारखा दिसत-लपत राहतो. जेवायचं असेल तिथे सकाळी दहालाच फोन करून सांगून ठेवा. हे ह्या पूर्ण ट्रिपला लागू आहे, कोकणात घरगुती खानावळीत माणसं मोजून भात टाकतात, आयत्या वेळी दोन वाजता चार जण जाऊन उभे राहिलात तर संपलं असं उत्तर मिळतं आणि ते बरोबरच आहे. आधी सांगितलं तर तांदळाची भाकरी गरम मिळते, सोलकढी पाण्याची नसते, आणि शाकाहारी असाल तर उकडीचे मोदकही करून देतात. मुक्काम मुरुड.

दिवस दोन, चतुर्थी. सकाळी पहिल्या होड्यांना राजपुरीला पोचा. जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून जायचं, आणि गंमत म्हणजे अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे तेच दिसत नाही, नुसती तटबंदी. सिद्दींनी हा किल्ला 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत राखला, संभाजी महाराजांनी 1682 मध्ये राजपुरीच्या बाजूने समुद्रात भराव टाकून पोचायचा प्रयत्न केला होता, होडीतून ते मधलं पाणी बघताना ह्या गोष्टीचा अर्थ कळतो, आधी नाही कळत. आतमध्ये गोड्या पाण्याचे तलाव आणि कलालबांगडी तोफ बघा. दरवाजाशी होडी लाटेबरोबर वरखाली होते, ती वर आली की नावाडी हात देतो तेव्हाच पाऊल टाकायचं, मोबाईल त्या वेळी खिशात. बॅगेत पाणी आणि टोपी, आत सावली कमी आहे. समोर लांब दिसतो तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह म्हणून बांधलेला.

मग आगरदांडा जेट्टी. पहिल्यांदा गाडी बोटीवर चढवताना छाती धडधडते, खोटं कशाला बोलू. उतार ओला असतो, कडेला हिरवं शेवाळ, आणि बोटीचा लोखंडी फळा उताराला टेकलेला असतो तिथे दोन्हीत वीतभर उंचीचा फरक पडतो. चालवणाऱ्याशिवाय बाकी तिघांनी आधीच उतरायचं, चालत बोटीवर जायचं. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबून ठेवायचा नाही, एक सारख्या रेसवर फळ्यावरून आत, ब्रेक मारायचा नाही मधेच. खलाशी समोर उभा राहून हात हलवतो, फक्त त्याच्याकडे बघायचं, मागून मित्र ओरडत असतील डावीकडे घे उजवीकडे घे तर ऐकायचं नाही. कधी गाडी रिव्हर्सने चढवायला लावतात, तेव्हा ज्याला जमतं त्याच्याच हातात चावी द्या. आत लावली की हँडब्रेक आणि गाडी गिअरमध्ये. आमच्या वेळी शेजारच्या गाडीचा हँडब्रेक सैल होता, बोट हलली तशी ती चार बोटं सरकून आमच्या बंपरला येऊन टेकली, खलाशी काकांनी दोन दगड चाकाखाली सारले आणि काही न बोलता पुढे गेले. तेव्हापासून आमच्या डिकीत लाकडाचे दोन ठोकळे कायमचे आहेत, तुम्हीही ठेवा, घाटात पंक्चर झालं तरी कामाला येतात.

जेट्टीची शेवटची फेरी कितीला आहे हे आदल्या दिवशीच फोन करून विचारा, ऋतूप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे बदलते. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गात ह्या खाड्यांवर पूल येणार आहेत, गावातल्या लोकांची त्यात फार मोठी सोय आहे, पेशंटला रात्री पलीकडे न्यायचं तर आज त्यांना केवढा वळसा पडतो विचार करा. तेव्हा बोटीतून जायचंय तोवर जाऊन घ्या.

दिघीला उतरलं की दिवेआगर, आणि दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना आतला रस्ता घेऊ नका, शेखाडी-आरावीचा किनाऱ्याचा रस्ता घ्या. पूर्ण ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता पट्टा हाच. रस्त्याच्या एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला हात लांब केला तर पाणी, आणि संध्याकाळी चारनंतर गेलात तर पूर्ण पाण्यावर ऊन पसरलेलं असतं. इथे चालवणाऱ्यालाही बघायला मिळालं पाहिजे म्हणून दोनदा तरी गाडी कडेला घ्या, वळणावर मात्र नाही. श्रीवर्धन म्हणजे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं मूळ गाव. तिथे टाकी फुल करून घ्या, पुढे दापोलीपर्यंत भरवसा नको. मुक्काम हरिहरेश्वर.

दिवस तीन, पंचमी. पाचची पाऊणपट पावणेचार, म्हणजे ओहोटी पावणेदहाला. आता कळलं ना तृतीयेला का निघायचं? हरिहरेश्वरची प्रदक्षिणा देवळामागून डोंगर चढून, खडकातल्या पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेकडेने आहे, पाण्याने कोरलेल्या खडकांच्या भिंती, जाळी पडल्यासारख्या, हात फिरवला तर धार लागते. पण भरतीला तिथे लाट थेट वाटेवर येते आणि खडकावरून माणूस ओढला जातो, आजवर अनेकांचे जीव गेलेत तिथे. नऊला देवळात जा, पुजारी काका किंवा बाहेरचे दुकानदार यांना विचारा आज वाट चालू आहे का, नाही म्हणाले तर नाही, हुज्जत घालायची नाही. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, चौघांतल्या एकाने सारखं पाण्याकडे बघत राहायचं, आम्ही हे काम आळीपाळीने करतो.

किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर, गाडी वाळूत न्यायची नाही. कुठल्याच किनाऱ्यावर नाही. एका वर्षी आमच्यातल्या एकाने पाच मिनिटांसाठी म्हणून नेली, मागची चाकं बसली, रेस दिली तशी आणखी बसली, बघता बघता अर्धा टायर वाळूत. आणि पाणी तेव्हा वीसेक पावलांवर. गावातली सात-आठ पोरं धावत आली, नारळाच्या झावळ्या चाकाखाली घातल्या, हाताने वाळू उपसली, एकाने टायरमधली हवा निम्म्याने कमी करायला सांगितली, आणि पाणी मागच्या बंपरला लागायच्या आत गाडी बाहेर निघाली. त्या पोरांनी चहासुद्धा घेतला नाही. दादा, कासवं येतात इथे अंडी घालायला, परत नका आणू, एवढंच त्यातला सगळ्यात लहान मुलगा बोलला.

बागमांडला जेट्टी हरिहरेश्वरपासून जवळच आहे. ही सावित्रीची खाडी. गढूळ, रुंद पाणी, पश्चिमेला मुख आणि बाणकोटची बाजू. इथे बोटीच्या कठड्याला उभे राहा आणि ह्या पाण्याचं नाव लक्षात ठेवा, दिवस पाचला ते परत येणार आहे. जेट्टी काही कारणाने बंद असेल तर म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ करत मंडणगडला निघता येतं, वेळ जातो पण ट्रिप अडत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जात असाल तर वेश्वीहून वेळासला वळा, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, गावातल्याच घरांमध्ये राहायची-जेवायची सोय होते, त्यासाठी एक रात्र वाढवली तरी चालेल. नाहीतर केळशी, आंजर्ले, तिथे कड्यावरचा गणपती, देवळाच्या आवारातून समुद्र आणि सुवर्णदुर्ग एकत्र दिसतो. संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव बघायचा. पायात घसरणार नाही असं काहीतरी घाला आणि कोळणी मावश्यांच्या टोपल्यांच्या वाटेत उभे राहू नका, त्यांचा तो कामाचा वेळ आहे, फोटो काढायचा तर आधी विचारा. घेतलेली सुरमई किंवा पापलेट तुमच्या मुक्कामाच्या घरी दिलीत तर करून देतात, तेही आधी बोलून ठेवलेलं असलं तर.

दिवस चार, षष्ठी. सकाळी आठला हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग. उतरताना गुडघ्यापर्यंत पाणी लागतं, हाफ पँट घाला. दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि बाजूच्या भिंतीवर मारुती, दोन्ही शोधून बघा. आत झाडी माजलेली असते, काही विकत मिळत नाही, नेलेली पाण्याची बाटली परत आणायची. हा किल्ला 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सच्या आरमाराने घेतला, म्हणजे आंग्र्यांचं ठाणं आंग्र्यांच्या हातून गेलं, अलिबागला सुरू झालेली गोष्ट इथे येऊन अशी वळते.

साडेअकराच्या आत हर्णै सोडा. दापोली, खेडला जेवण, मग मुंबई-गोवा हायवेने कशेडीवरून पोलादपूर आणि तिथून उजव्या हाताला आंबेनळी. तीनच्या आसपास घाटाला लागलात तर उजेडात वर पोचता. हा घाट अंधारात करायचा नाही, धुक्यात तर अजिबात नाही. 2018 च्या जुलैमध्ये ह्याच घाटात बस दरीत कोसळून एका सहलीतली जवळपास सगळी माणसं गेली, तिथून जाताना स्टीअरिंगवरचे हात आपोआप घट्ट होतात. चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर राहा, हेअरपिनच्या आधीच गिअर खाली घ्या, वळणात नाही. वर चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, पण समोरून एसटी आली तर जागा देऊन टाका, तिला वळायला पूर्ण रस्ता लागतो. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न. आणि उतरताना ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली की पाच-सहा वळणांनी जळका वास येतो, तो आला की थांबा, अर्धा तास थांबा, पाणी टाकू नका चाकांवर. न्यूट्रलमध्ये उतरवून डिझेल वाचवणारा मित्र असेल तर त्याला मागे बसवा.

वेळ हातात असेल तर घाटातूनच प्रतापगडाला फाटा आहे. नसेल तर सोडा, 10 नोव्हेंबर 1659 चा तो डोंगर अर्ध्या तासात उरकायची जागा नाही, त्यासाठी वेगळा दिवस काढा. वर पोचलं की हवा एकदम बदलते, सकाळी हर्णैला घाम पुसत होतात आणि रात्री महाबळेश्वरला स्वेटर लागतो, म्हणून तो बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

दिवस पाच. सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आधी क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात जा. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री, पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. कृष्णा इथून पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते आणि सावित्री पश्चिमेला उतरून बागमांडल्याला, जिथे परवा आपण गाडीसकट बोटीवर उभे होतो. पहिल्या वेळी आमच्या एकाने ओंजळ धरली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला, पाणी बोटांमधून गळून गेलं तरी हात तसाच. मग म्हणाला, तिकडे हिचा दुसरा काठ नीट दिसत नव्हता रे.

अकराला महाबळेश्वर सोडा. पाचगणी, पसरणी घाट उतरून वाई, सुरूरला हायवे, पुणे, एक्सप्रेसवे. रविवार असेल तर लोणावळ्याच्या पुढे संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, चारच्या आत खंडाळा उतरायचा प्रयत्न करा, ते जमणार नसेल तर वाईत कृष्णेच्या घाटावर बसून उशिराच निघा, अडकून चिडण्यापेक्षा ते बरं. हिशेब गाडीतच पूर्ण करून टाका, ठाण्यात उतरल्यावर कोणी करत नाही.

आणि घरी पोचल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी धुवायला द्या, नुसती वरून नाही, जॅकवर चढवून खालून गोड्या पाण्याने. जेट्टीच्या उतारावरचं खारं पाणी सायलेन्सरला आणि ब्रेक पाइपला लागलेलं असतं, राहिलं की गंज धरतो. मॅट काढून झटका, वाळू सीटच्या रुळांमध्ये जाऊन बसते. लाकडाचे ठोकळे वाळवून परत डिकीत टाका.